‘पिता नैव मे नैव माता’ म्हणायचं आणि मामांची सेवाही करायची, हे जुळतं का?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडून घेऊ. तासगाव तालुक्यात तुमचं एकत्र कुटुंब आहे. नवऱ्याची द्राक्षबाग, तुमची शाळेतली नोकरी, दोन मुलं, आणि अर्धांगवायूमुळं अंथरुणाला खिळलेले सासरे, म्हणजे तुमचे मामा. रोज पहाटे तुम्ही निर्वाणषट्क या सहा श्लोकांच्या स्तोत्रातला पाचवा श्लोक म्हणून ध्यानाला बसता. ‘पिता नैव मे नैव माता’ ही ओळ चालू असताना पलीकडच्या खोलीत मामा खोकतात आणि आपण पाप करतोय की काय असं वाटतं. ध्यानातून उठल्यावर कुणी हाक मारली तर पूर्वीपेक्षा जास्त चिडचिड होते. शिवाय दीक्षा न घेता, त्यातही बाईमाणसानं हे म्हणावं का, अशी शंका घरातून निघाली आहे.

दीक्षेचा मुद्दा लगेच मिटतो. निर्वाणषट्क हे स्तोत्र आहे, त्याला आत्मषट्क असंही म्हणतात. त्यात ‘ह्रीं’सारखं बीजाक्षर नाही, अंगाला हात लावून मंत्र बसवायचा न्यास नाही, पुरश्चरणाचा म्हणजे नेमून दिलेल्या जपाचा आकडा नाही. गुरूकडून घ्यायच्या मंत्राचे नियम त्याला लागू होत नाहीत. संन्यास देताना महावाक्याचा, म्हणजे ‘अहं ब्रह्मास्मि’सारख्या उपनिषदातल्या वाक्याचा उपदेश करतात, तो प्रकार वेगळा. स्तोत्र कुणीही म्हणावं, बाईनं म्हणावं, पाळी चालू असतानाही म्हणावं. देहाचा विटाळ मानायचा आणि ‘देह म्हणजे मी नव्हे’ असं सांगणारं स्तोत्रही म्हणायचं, हे एका तोंडानं जमणार नाही. घरात औदुंबरची वारी असेल, गुरुचरित्राचं पारायण होत असेल, तर ते जसं चाललंय तसंच चालू द्या. फक्त दोन्ही एकाच बैठकीत कालवू नका. पारायणात आपण महाराजांपुढे सेवक म्हणून बसतो, इथे सेवक हा भावही बाजूला ठेवायचा असतो. पाठोपाठ केलं की मन धड इकडेही राहत नाही आणि तिकडेही.

श्लोक असा आहे:

न मे मृत्युशङ्का न मे जातिभेदः
पिता नैव मे नैव माता न जन्म ।
न बन्धुर्न मित्रं गुरुर्नैव शिष्यः
चिदानन्दरूपः शिवोऽहं शिवोऽहम् ॥

मला मरणाची धास्ती नाही, जातीचा भेद नाही. बाप नाही, आई नाही, जन्म नाही. भाऊबंद नाही, मित्र नाही, गुरू नाही, शिष्य नाही. जाणीव आणि आनंद हेच ज्याचं रूप तो शिव मी आहे. काही पोथ्यांत पहिली ओळ ‘न मृत्युर्न शङ्का’ अशी छापलेली असते. दोन्ही पाठ वृत्तात बसतात. तुमच्या तोंडात जो बसलाय तो ठेवा आणि मधेच बदलू नका.

चालीसाठी कुठं जायला नको. वृत्त भुजंगप्रयात आहे, म्हणजे मनाच्या श्लोकांचंच. सज्जनगडाच्या आसपास वाढलेल्या पोरांच्या जिभेवर ‘मना सज्जना भक्तिपंथेचि जावे’ असतंच. त्याच चालीवर हा श्लोक जसाच्या तसा बसतो. एका चरणात बारा अक्षरं, तीन-तीनचे चार गट, आणि प्रत्येक गटात एक ऱ्हस्व नि दोन दीर्घ. बोटानं मांडीवर गटागणिक एक ठोका द्या: न मे मृ, त्यु शङ् का, न मे जा, ति भे दः. एक चरण एका उच्छ्वासात म्हणायचा, चरण संपल्यावरच श्वास घ्यायचा. असा म्हटला की श्लोकाला वीस ते पंचवीस सेकंद लागतात. दहा सेकंदांत संपत असेल तर तुम्ही पाढे म्हणताय.

उच्चारात तीन ठिकाणी घोळ होतो. ‘शिवोऽहम्’मधलं ते इंग्रजी एससारखं चिन्ह म्हणजे अवग्रह, त्याचा उच्चार करायचा नसतो. शि-वो-हम्, एवढीच तीन अक्षरं. ‘शिवो-अहम्’ म्हटलं की चार होतात, वृत्त मोडतं आणि पुढं श्वासाशी मेळ बसत नाही. शेवटचा म् हलन्त आहे, ओठ मिटले पाहिजेत. ‘हमा’ असं लांबवू नका. तिसरी जागा म्हणजे ‘शिष्यः’चा विसर्ग. तिसऱ्या ओळीनंतर श्वास घेत असाल तर ‘शिष्यः’ असाच राहील. न थांबता पुढं गेलात तर ‘शिष्यश्चिदानन्द’ होईल. दोन्ही बरोबर आहेत, पण विसर्ग गिळून ‘शिष्य चिदानंद’ म्हणू नये.

आता मूळ अडचणीकडे येऊ. हा नकार नेमका कशाला आहे?

तुमच्या घरातली सकाळ बघा. साडेपाचला धाकटं पोर ‘आई’ म्हणून उठवतं. सहाला आतून आत्यांची, म्हणजे सासूबाईंची, ‘सूनबाई’ अशी हाक येते. साडेसहाला दीर चहासाठी ‘वहिनी’ म्हणतो. शाळेच्या फाटकात पाऊल टाकलं की ‘बाई, बाई’. मधेच माहेरचा फोन आला तर तुम्ही पुन्हा ‘पोरी’. चार तासांत पाच नावं झाली, आणि प्रत्येक नावाला तुमचा आवाजसुद्धा वेगळा. यातलं प्रत्येक नाव जोडायला समोर दुसरं माणूस लागतं. मूल नसेल तर आई हे नाव नाही, विद्यार्थी नसेल तर बाई हे नाव नाही. पाच हाका मात्र एकीनंच ऐकल्या. जे येतं-जातं ते वेगळं काढायचं आणि जे प्रत्येक हाकेच्या वेळी हजर होतं त्यावर लक्ष ठेवायचं, या पद्धतीला वेदान्तात व्यतिरेक म्हणतात. ‘पिता नैव मे’ ही ओळ व्यतिरेकाची आहे. वडील आहेत, मामा आजारी आहेत, त्यांचं औषध साडेसातला द्यायचं आहे, यातलं काहीही ती खोडत नाही. ‘अमक्याची मुलगी एवढीच मी’ ही जी गाठ बसलेली असते तेवढी ती सोडवते.

याला एक बळकट पुरावा आहे. याच परंपरेतल्या हस्तामलक स्तोत्रात ‘न ब्रह्मचारी न गृही वनस्थो भिक्षुर्न चाहं’ असं येतं. मी ब्रह्मचारी नाही, गृहस्थ नाही, वानप्रस्थ नाही, आणि भिक्षूही नाही. चौथा शब्द नीट बघा. तिथं संन्याशाचीही भूमिका खोडली आहे. घरदार सोडून मठात जाणारा माणूस फक्त एक अंगरखा काढून दुसरा घालतो. हे स्तोत्र दोन्ही अंगरख्यांना तेच म्हणतं. त्यामुळं भूमिका टाकून देणं हा या मंत्राचा अर्थच होऊ शकत नाही. भूमिकेत असताना स्वतःला तिच्याएवढं न समजणं, हा आहे.

निर्वाणषट्क ज्यांच्या नावावर आहे त्या शंकराचार्यांविषयी परंपरा काय सांगते तेही लक्षात घ्या. संन्याशाला अंत्यसंस्काराचा अधिकार नाही म्हणून भाऊबंदांनी विरोध केला, तरी त्यांनी कालडीला जाऊन स्वतःच्या आईला अग्नी दिला. ‘नैव माता’ म्हणणाऱ्यांनीच अंत्यसंस्कार करण्याचा आईला दिलेला शब्द पाळला.

गीतेच्या अठराव्या अध्यायात सात ते नऊ हे तीन श्लोक आहेत. तुमच्यासारख्या स्थितीत ते रोज चाचणीसारखे वापरावेत. नेमून दिलेलं कर्म मोहानं सोडलं तर तो तामस त्याग: ‘मोहात्तस्य परित्यागस्तामसः परिकीर्तितः’. कष्ट होतात, अंग मोडतं म्हणून सोडलं तर राजस. करायचंच आहे म्हणून केलं, आणि ‘माझ्यामुळं चाललंय’ ही आसक्ती नि फळाची अपेक्षा सोडली, तर सात्त्विक. म्हणजे तिसऱ्या प्रकारात कर्म सुटतच नाही. ध्यान सुरू केल्यापासून मामांचं अंथरूण बदलायला उशीर होऊ लागला असेल, तर तो पहिला किंवा दुसरा त्याग आहे आणि त्याला वैराग्य हे नाव देऊ नये. काम तेवढंच होतंय आणि त्यावरची धुसफूस कमी झाली आहे, तर मंत्र योग्य जागी लागलाय.

आपल्याकडे आषाढात बेंदूर येतो. आदल्या दिवशी खांदमळणी असते. बैलाच्या मानेवरचं जू उतरवून हळद-तेलानं खांदा मळतात. त्यामुळं बैलाचं शेताशी नातं तुटत नाही. खांद्याला घट्टे पडले असतील तर ते मऊ होतात आणि पुढच्या नांगरटीला तोच बैल तेच जू घेतो. ध्यानातली वीस-पंचवीस मिनिटं ही भूमिकांची खांदमळणी समजा. यात जू उतरवणं जेवढं आवश्यक, तेवढंच ते पुन्हा नीट चढवणंही आवश्यक आहे. तुमची चिडचिड होते ती याच दुसऱ्या भागात, कारण तुम्ही थेट ‘शिवोऽहम्’वरून उठता आणि पाच भूमिका एकदम अंगावर पडतात.

आता पद्धत. एकूण वेळ एक घटका धरा, म्हणजे २४ मिनिटं. जास्त नको, निदान पहिले सहा महिने.

बसण्याआधी मामांचं काम करून घ्या. हा साधनेचाच पहिला भाग आहे. अर्धांगवायूच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर कंबरेला, टाचेला जखमा होतात. उठल्या उठल्या कूस बदला, ओलं झालं असेल तर बदला, आणि जो हात चालतो त्या हाताशी घंटी ठेवा. पाणी द्यायचं असेल तर डोकं-खांदे उशांनी नीट उचलून घोट घोट द्या, कारण गिळायला त्रास होणाऱ्याला आडवं ठेवून पाणी पाजलं तर ते फुफ्फुसात जाऊ शकतं. त्यांच्या साध्या खोकल्यानं तुम्ही बैठकीतून हलणार नाही, पण घंटी वाजली तर उठाल, हे मनाशी आधीच ठरवा. खाल्ल्या-प्यायल्यावर ठसका लागला किंवा घशात घरघर ऐकू आली तर मात्र घंटीची वाट बघू नका. एवढं ठरलेलं असलं की कान सतत त्या खोलीत राहत नाहीत. घंटी वाजली तर मधेच उठण्यात काही दोष नाही. काम करा, हात धुवा, राहिलेलं पुढं चालू ठेवा.

बसायला चटई, त्यावर चौपदरी घोंगडी, आणि बैठकीखाली तीन-चार इंच उंचीची उशी. गुडघे कंबरेच्या खाली आले पाहिजेत. ते वर राहिले की पाठ मागं ढळते आणि दहाव्या मिनिटाला डुलकी लागते. मांडी घालता येत नसेल तर खुर्ची चालेल, पाय जमिनीवर सपाट आणि पाठ टेकून नको. पहिली दोन मिनिटं काहीही म्हणायचं नाही. श्वास जसा आहे तसा चालू द्या.

मग श्लोक तीन वेळा, मोठ्यानं नव्हे पण स्वतःला ऐकू येईल असा. घरात सगळे झोपले असतील तर ओठ हलवून, ज्याला उपांशु म्हणतात तसा. पहिल्या वेळी फक्त शब्द, दुसऱ्या वेळी अर्थ, तिसऱ्या वेळी चौथ्या ओळीवर जास्त लक्ष.

त्यानंतर भूमिकांची पाळी. इथं बहुतेक लोक घाई करतात, आणि सगळं काम तर इथंच आहे. रोज पाचच भूमिका घ्या, प्रत्येकीला साधारण एक मिनिट. मनात भूमिकेचं नाव घ्या: ‘सून’. त्या भूमिकेत काल घडलेला एक प्रसंग डोळ्यासमोर येऊ द्या, फक्त एक. मामांनी ताट ढकललं, आत्या काहीतरी बोलल्या, तुमच्या छातीत काहीतरी आवळलं. ते आवळणं तुम्हाला कळलं ना? मग ज्याला कळलं तिकडे वळा आणि मनात म्हणा, ‘ही सून मला कळते, कळणारी ती मी.’ एवढ्यावर सोडून पुढची भूमिका. प्रसंगाचा निवाडा करायचा नाही, कुणाचं चुकलं ते ठरवायचं नाही. निवाडा सुरू झाला की समजा तुम्ही साक्षी राहिला नाहीत, वकील झालात. तेव्हा श्लोकाची चौथी ओळ एकदा म्हणून पुढच्या भूमिकेवर जा.

क्रमाचंही एक गमक आहे. ज्या भूमिकेचं ओझं सगळ्यात हलकं ती आधी, जड ती शेवटी. शाळेतली बाई आधी, मग वहिनी, मग बायको, मग सून, मग आई किंवा मुलगी. तुम्ही पहिल्याच दिवशी ‘पिता नैव’वर अडकता, कारण सगळ्यात नाजूक गाठ सगळ्यात आधी ओढता.

मग दहा मिनिटं श्वासाबरोबर ‘शिवोऽहम्’. श्वास आत येताना ‘शिवो’, बाहेर जाताना ‘हम्’, सगळं मनातल्या मनात. शांत बसल्यावर मिनिटाला दहा-बारा श्वास होतात, म्हणजे दहा मिनिटांत साधारण एक माळ भरते. त्यामुळं हातात माळ घ्यायची गरज नाही. श्वास लांबवू नका. मंत्रानं श्वासाच्या मागं चालायचं, श्वासाला ओढायचं नाही. डोकं हलकं झालं, बोटांना मुंग्या आल्या, तर तुम्ही नकळत जोरानं श्वास घेताय. मंत्र थांबवा, मिनिटभर नेहमीसारखा श्वास चालू द्या.

आणि शेवटची तीन-चार मिनिटं परतीची. ही वगळू नये. त्याच पाच भूमिका उलट्या क्रमानं परत घ्यायच्या, प्रत्येकीला आजचं एक ठोस काम जोडून. मुलगी: दुपारच्या सुट्टीत बाबांना फोन. सून: मामांच्या फिजिओथेरपीची वेळ विचारणं. बायको: फवारणीच्या औषधाचे पैसे काढून ठेवणं. वहिनी: जावेनं काल भांडी घासली, आज आपण. बाई: चौथीच्या वह्या. यात ‘सगळ्यांना आनंदी ठेवीन’ असं काही येऊ देऊ नका; संध्याकाळी झालं की नाही ते सांगता येईल असंच काम असावं. मग आरतीनंतर आपण म्हणतो तेच ‘कायेन वाचा मनसेन्द्रियैर्वा’ म्हणून ती कामं नारायणाला देऊन टाकायची आणि उठायचं. उठल्यावर पाच मिनिटं मोबाइल हातात घेऊ नका. पहिली हाक माणसाची येऊ द्या.

हा परतीचा भाग म्हणजे अन्वय, म्हणजे जे वेगळं काढलं त्यातही पुन्हा तेच बघणं. षट्काच्या सहाव्या श्लोकात ‘सर्वत्र’ असा शब्द आहे, तो इथं उपयोगी पडतो. जो शिव तुम्ही स्वतःच्या आत शोधला तो पलीकडच्या खोलीतही आहे. मामांची कूस बदलताना ‘चिदानन्दरूपः’ हा एकच शब्द त्यांच्याकडे बघून मनात म्हणा. वाचा गेलेल्या, हात लुळा पडलेल्या माणसाकडे बघताना आपण हळूहळू त्याला एक काम समजू लागतो. तो शब्द हे होऊ देत नाही. तुमची पापाची भावना याच ठिकाणी जाईल असं मला वाटतं, नुसत्या युक्तिवादानं ती जाणार नाही.

आता काय बिघडू शकतं ते. सगळ्यात जास्त बिघाड ‘न’वर थांबल्यामुळं होतो. लोक नकाराच्या तीन ओळी घोळवत बसतात आणि चौथी घाईनं उरकतात. मग मनात एक कोरडेपणा येतो. नुसता नकार हा औषधाचा अर्धाच डोस आहे. म्हणून वरच्या मापात भूमिकांना पाच मिनिटं आणि ‘शिवोऽहम्’ला दहा, असं दुप्पट ठेवलंय.

दुसरा बिघाड उलट्या बाजूचा. ‘मी शिव’ म्हणता म्हणता अमुक गावची, अमुक पगाराची, रोज पहाटे उठणारी मीच शिव असं वाटायला लागतं आणि न उठणाऱ्यांविषयी तुच्छता येते. घरात कुणी भांडायला आलं तर ‘मी साक्षी आहे’ असं तोंडावर सांगणं हाही त्यातलाच प्रकार. साक्षी असं सांगत नाही. हे स्वतःत दिसलं तर महिनाभर ‘शिवोऽहम्’ बंद ठेवा आणि नामावर या. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या गोंदवल्याचे ब्रह्मचैतन्य महाराज (१८४५ ते १९१३) स्वतः गृहस्थ होते आणि प्रपंचातल्या माणसांना त्यांनी ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा तेरा अक्षरांचा मंत्रच दिला. नामात मी लहान होतो, सोऽहंसारख्या साधनेत चुकलं तर मी फुगतो. दोन्ही वाटा खऱ्या आहेत, पण आपला स्वभाव बघून निवडावी.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. सगळं खोटं वाटणं, आपण आपल्यात नाही असं वाटणं, झोप उडणं, जेवणावरची वासना जाणं, मुलांविषयी काहीच न वाटणं, ही आध्यात्मिक प्रगतीची लक्षणं नाहीत. असं काही दिवस टिकलं तर ध्यान थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा, मानसोपचारतज्ज्ञाकडे जायलाही संकोच नको. नैराश्याचा त्रास आधी झालेल्यांनी ‘मी हे नाही, ते नाही’ ही पद्धत वापरूच नये. आजारी माणसाची वर्षानुवर्षं सेवा करणारी सून आधीच थकलेली असते, म्हणून हे ठळकपणे सांगावंसं वाटतं. कधीकधी ध्यानापेक्षा रात्रीची सलग सहा तास झोप आणि दिराला किंवा जावेला एका पाळीला बसवणं जास्त गरजेचं असतं. ते मागणंही कर्तव्यातच येतं.

श्लोकाच्या पहिल्या ओळीकडे लोक कानाडोळा करतात, तिच्याबद्दलही बोलायला हवं. ‘न मे जातिभेदः.’ ‘नैव माता’वर इतका विचार करणारे आपण या तीन शब्दांवर विचार न करता पुढं जातो. बाप नाकारणं ध्यानापुरतं आहे, कारण उठल्यावर बापाची सेवा करायची आहे. जातिभेदाचं तसं नाही. उठल्यावर तो परत अंगावर घ्यायचा नाही. परतीच्या भागात सून, आई, बाई परत येतात, कारण प्रत्येकीकडे कुणासाठी तरी काम आहे. जातीच्या उच्च-नीचपणाकडे कुणासाठीही काम नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह काढलं, पोरं एकत्र रांधू-जेवू लागली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव मिळालं. तिथल्या पंगतीत ही ओळ न म्हणता पाळली गेली. तुमच्या बागेत छाटणीला येणाऱ्या बायकांना चहा कुठल्या कपात मिळतो, ते एकदा बघून घ्या.

‘गुरुर्नैव शिष्यः’बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढं हा प्रश्न येईलच. हा शब्द शेवटी आलाय, आधीच्या सगळ्या गाठी सुटल्यावर. ज्यांनी हात धरून इथवर आणलं त्यांचा फोटो भिंतीवरून काढायला कुणी सांगितलेलं नाही. भूमिकांच्या पाच मिनिटांत ‘शिष्या’ ही भूमिका निदान वर्षभर घेऊ नका.

घरातल्या मोठ्यांना समजावून सांगायचं असेल तर संस्कृतात न शिरता समर्थांची ओवी सांगा: ‘आधी प्रपंच करावा नेटका । मग घ्यावे परमार्थविवेका ।’ आणि तिच्या पुढचीच, प्रपंच सोडून परमार्थ कराल तर कष्टी व्हाल अशा अर्थाची. आत्यांना ती पाठ असण्याचीच शक्यता जास्त. सून ध्यानाला बसते म्हणजे घरातून मनानं निघून चालली, ही भीती त्यांच्या बोलण्यामागं असते. ती भीती ओवीपेक्षाही वेळेवर आलेल्या चहानं लवकर जाईल.

वेळेचं शेवटी. शाळा सकाळची असेल त्या दिवशी पहाटे पाच, एरवी साडेपाच चालेल. रात्री बसायचं झालं तर जेवणानंतर अडीच-तीन तास गेलेले असावेत, नाहीतर झोपच येते. ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी रोगाच्या भीतीनं पहाटेपासून फवारणी सुरू होते, माणसांचा डबा, ट्रॅक्टर, औषधाचं पाणी, सगळं एकदम येतं. त्या दिवसांत २४ मिनिटांचा हट्ट धरू नका, दहा मिनिटांचं माप ठेवा: श्लोक तीनदा, त्या दिवशी जी जड वाटते ती एकच भूमिका, पाच मिनिटं ‘शिवोऽहम्’, आणि दोन मिनिटं परतीची. तेही जमलं नाही तर बागेत डबा पोचवायला जाताना एक श्लोक म्हणा आणि पोचल्यावर डबा उघडून द्या. द्राक्षं उतरून शेडवर बेदाणा टाकला की परत पूर्ण घटकेवर या. मधे सुटलेले दिवस भरून काढायला दुप्पट बसू नका. दुसऱ्या दिवशी जिथं सोडलं होतं त्याच पाच भूमिकांपासून सुरू करा.